शेवटच्या घरापुढची मोरी

आइमो केतोला खासदार झाला, यात त्याचा स्वतःचा काही दोष नव्हता. पक्षाला आमच्या कायनू भागातून यादीत एक नाव कमी पडत होतं. कुणीतरी आइमोला विचारलं, तो काही बोलला नाही, आणि आमच्याकडे न बोलणं म्हणजे होकार. निवडून आल्या त्या दुसऱ्याच एक बाई. पण वर्षभरात त्या मोठ्या नोकरीवर गेल्या आणि यादीतलं पुढचं नाव म्हणून हा पोकलेन चालवणारा माणूस एका सोमवारी हेलसिंकीच्या गाडीत बसला. अंगात स्वतःच्या लग्नातला कोट होता. बटण लागत नव्हतं, म्हणून त्यानं ते लावलंच नाही.

मी तुइया. फिरत्या वाचनालयाची बस चालवते आणि वाटेत बोलते. आमच्या भागात बोलणाऱ्या माणसाला जरा कमी अकलेचं समजतात, तेव्हा माझ्याबद्दल लोकांचं काय मत असेल ते तुम्हीच ओळखा. पण बोलणाऱ्या बाईला एक फायदा असतो. ती ऐकतेय याचा कुणाला संशय येत नाही.

आइमो मात्र जन्माचा मुका म्हणावा असा. खोदकामाला बोलावलं की यायचा, खड्ड्याकडे बघायचा, काम करायचा, कॉफी प्यायचा, जायचा. समोरचा बोलत असला की इतकं मन लावून ऐकायचा की बोलणाऱ्याला वाटावं, याला आपलं सगळं पटलंय. याच गुणावर त्याला मतं पडली. डावे, उजवे, चर्चला जाणारे, न जाणारे, सगळ्यांना वाटत होतं की आइमो आपला. मौनं सर्वार्थसाधनम् म्हणतात ते काही खोटं नाही. संसदेत तो पहिल्या वर्षभरात एकदा बोलला, तेही ध्वनिक्षेपक चालू आहे का ते विचारायला.

मग तो निधी आला.

करोनाच्या साथीनं सगळ्यांचंच कंबरडं मोडलं होतं. युरोपियन युनियनच्या सरकारांनी ठरवलं की सगळ्यांनी मिळून मोठं कर्ज काढायचं, ज्यांचं जास्त नुकसान झालंय त्यांना जास्त द्यायचं आणि फेड मिळून करायची. आमच्या वाट्याला देणं जास्त, घेणं कमी. पण सरकारांनी ठरवून भागत नव्हतं. प्रत्येक देशाच्या संसदेनं होकार द्यायला हवा होता, एकानं जरी नकार दिला तरी सगळं गाडं अडणार. त्यातून आमच्या संसदेच्या घटना समितीनं सांगितलं की साधं बहुमत पुरणार नाही, दोन तृतीयांश मतं पाहिजेत. म्हणजे एकेक मत मोलाचं झालं. ज्या आइमोला हेलसिंकीत कुणी जेवायला विचारत नव्हतं, त्याला मंत्री कॉफीला बोलवू लागले.

इकडे हाल्लापुरोत माझ्या बसमध्ये रोज युद्ध. हाल्लापुरो म्हणजे महामार्गापासून तळ्यापर्यंत रानातून जाणारा एक कच्चा रस्ता आणि त्याच्या कडेची घरं. रस्ता सरकारचा नाही, तिथे राहणाऱ्यांचा. खडी, बर्फ काढणं, रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या, सगळा खर्च त्यांनी वाटून घ्यायचा आणि दर वसंतात सभा घेऊन त्यावर भांडायचं. महामार्गालगतचं पहिलं घर पेन्टी हाकालाचं. तो ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. तळ्याकाठचं शेवटचं घर साइमीकाकूचं, म्हणजे आइमोच्या आईचं. आइमो मधे कुठेतरी राहतो आणि रस्त्याच्या मंडळाचा अध्यक्षही तोच आहे. तेही न बोलल्यामुळेच.

"आमचं ब्याण्णव सालात दिवाळं निघालं, तेव्हा कुठला इटलीवाला आला होता बादली घेऊन?" पेन्टी पुस्तकांच्या फळीला टेकून म्हणाला. त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. तेव्हा बँका बुडाल्या, त्याच्या बापाचं दुकान जाता जाता वाचलं, आणि ती वर्षं आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही.

"तेव्हा आपण युनियनमध्ये नव्हतो रे," इन्केरीबाई म्हणाल्या. त्या शाळेत पेन्टीच्याही बाई होत्या आणि आइमोच्याही. "आणि तुझे सुटे भाग येतात कुठून? मिलानहून. मागच्या वर्षी तिथला कारखाना बंद होता, तर चार महिने तूच लोकांच्या शिव्या खात होतास ना?"

"शिव्या खाल्ल्या, पण स्वतःच्या पैशानं खाल्ल्या. असू दे बाई. आइमो नाहीच म्हणणार आहे."

"कुणी सांगितलं? तो तर हो म्हणणार आहे. मला म्हणाला."

"म्हणाला?"

इन्केरीबाईंनी हातातलं पुस्तक फळीवर परत ठेवलं. "म्हणजे, मी नाताळात त्याला सगळं समजावलं. तो नाही म्हणाला नाही."

"माझ्याही वेळी तो नाही म्हणाला नाही," पेन्टी म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मला हसू आवरेना. दोघांनीही पुस्तकं न घेताच बस सोडली.

पण पेन्टीची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तो आणि आइमो लहानपणापासूनचे दोस्त. दर शरदात दोघं रानात शिकारीला जातात, एका झाडाखाली दिवसभर बसतात, एक शब्द बोलत नाहीत आणि घरी येऊन सांगतात की फार मजा आली. आइमोचं एकमेव मैत्र ते.

एप्रिलअखेर बर्फ वितळलं आणि साइमीकाकूच्या घरापुढची मोरी वाहून गेली. नळी एकीकडे, रस्ता दुसरीकडे, मधे माणूसभर खड्डा. बस वळवायला तिच्या अंगणाशिवाय दुसरी जागा नाही, त्यामुळे माझीही फेरी तुटली. नवी मोरी घालायची तर मंडळाच्या सभेत ठराव लागणार. खर्च मोठा. आणि महामार्गाजवळच्या घरांची मतं पेन्टीच्या शब्दावर पडतात, हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. सभा ठरली होती मेच्या शेवटी. संसदेतलं मतदान त्याच्या आधी.

पेन्टीनं कसली अट घातली नाही. तसली भाषा करणारा तो माणूस नाही. पण रस्त्यावरच्या प्रत्येकानं मनातल्या मनात हिशेब मांडला. आइमोनं तिकडे पेन्टीच्या मनासारखं केलं तर इकडे आईची मोरी होईल. नाही केलं, तर ऐंशी उलटलेली साइमीकाकू फळीवरून ये-जा करेल, नाहीतर शहरातल्या एखाद्या खोलीत जाऊन बसेल. तळं सोडून ती जगणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. त्या विचारानं मला पेन्टीचा राग यायचा, आणि त्यानं बिचाऱ्यानं काही केलंही नव्हतं.

एका शनिवारी मी बस आइमोकडे लावली आणि साइमीकाकूची पुस्तकं पिशवीत घालून चालत गेले. खड्ड्यावर फळी टाकलेली. खाली गुडघाभर चिखलात खासदारसाहेब उभे, फाटलेली नळी ओढून काढत. काठावर साइमीकाकू कॉफीचा थर्मास घेऊन बसलेली. तेवढ्यात आइमोचा फोन वाजला. हात चिखलानं भरलेले, म्हणून दगडावर ठेवलेला तो फोन त्यानं कोपर टेकवून स्पीकरवर घेतला. त्यामुळे आम्हा दोघींनाही सगळं ऐकू आलं. मी काही कान लावून बसले नव्हते.

पक्षाचा कुणी कार्यकर्ता होता. आवाज तुपात घोळवलेला. "आइमो, पक्षानं सगळ्यांना मोकळीक दिलीय. तुला अडचणीत टाकायची कुणाचीच इच्छा नाही. तुमच्याकडची मंडळी दोन्ही बाजूंची आहेत, हे आम्ही जाणतो. तर तू आपलं कोऱ्या मताचं बटण दाब. कोरं मत मोजणीत धरत नाहीत. कुणी रागावणार नाही, आणि तू हजर होतास हेही दिसेल."

आइमो काही बोलला नाही.

"छान. मग ठरलं तर," फोन म्हणाला आणि बंद झाला.

"कोरं म्हणजे काय रे?" साइमीकाकूनं विचारलं.

"म्हणजे, होतो तिथे. पण मत नाही."

"म्हणजे तुझा बाप," साइमीकाकू म्हणाली, आणि तिनं मला कॉफी ओतली.

ईलिसची, म्हणजे आइमोच्या बापाची गोष्ट रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी काढत नाही. त्र्याण्णव साली, त्या वाईट दिवसांत, हीच मोरी अशीच वाहून गेली होती. ईलिसकडे तेव्हा गाई होत्या, बँकेचं कर्ज होतं आणि खिशात काही नव्हतं. मंडळानं सभा घेतली. पेन्टीच्या बापानं भाषण केलं की आपण काही राक्षस नाही, आणि सगळ्यांनी मिळून मोरी घातली. ठरावात लिहिलं, ही मदत एकदाच. ईलिस त्या दिवशी उठून आभार मानायला गेला आणि शब्द फुटेना, म्हणून खाली बसला. तो बसला तो कायमचाच. त्याआधी म्हणे तो सभेत टेबल बडवून बोलायचा. त्यानंतर मरेपर्यंत दाराजवळच्या खुर्चीत बसून प्रत्येक ठरावाला मान हलवायचा. दर शरदात न सांगता पेन्टीच्या बापाची लाकडं फोडून द्यायचा. मिंधा झालेला माणूस कसा दिसतो, ते मी त्याच्यात पाहिलं. साइमीकाकू त्यानंतर एकाही सभेला आली नाही. वेलदोड्याचे पाव तेवढे पाठवायची.

आइमो तेव्हा तिशीचा होता. तो गप्प जन्मला की गप्प झाला, याचा मी त्या दिवशी पहिल्यांदा विचार केला. जन्माचा मुका म्हणून आम्ही त्याची चेष्टा करत आलो, आणि कदाचित तो नुसता बापाच्या शेजारच्या खुर्चीत बसला होता.

"आई," आइमो खड्ड्यातून म्हणाला, "मी हो म्हटलं तर ही मोरी होणार नाही कदाचित."

"मला दिसतंय ते."

"आणि पेन्टी..."

"तेही दिसतंय. मी काय सांगू तुला? मला ते कर्ज कळत नाही. तुला कळतं?"

"सगळं नाही."

"मग तुला जेवढं कळतं तेवढं बोल. पण फळीवरून मला चालता येतं, हे विचारात धर."

संसदेत चर्चा दिवसचे दिवस चालली. विरोधक एकामागून एक उठत होते, काही जण तर मत देण्याचा दिवस लांबावा म्हणून बोलत होते असं वाटावं. तेच तेच मुद्दे दळून दळून पीठ झालं. मी शाळेच्या आवारात बस उभी करून संगणकाच्या पडद्यावर लावून ठेवलं होतं. पेन्टी आला, इन्केरीबाई आल्या, दोघं मास्क लावून दोन टोकांना बसले. दुपारी अध्यक्षांनी नाव घेतलं, खासदार केतोला.

आइमो व्यासपीठावर गेला. सभागृह निम्म्याहून जास्त रिकामं होतं. त्यानं ध्वनिक्षेपकाकडे बघितलं. 

"माननीय अध्यक्ष," तो म्हणाला. "मी मोऱ्या घालतो. या कर्जाचे तक्ते मी वाचले, सगळे समजले असं म्हणणार नाही. सरकार म्हणतं, हे एकदाच. त्यावर माझा विश्वास नाही. मोरी एकदा घालून कायमची होत नाही. पाणी पुन्हा येतं. आज हो म्हणणाऱ्यानं हे धरून चालावं."

"बघा!" पेन्टी म्हणाला.

"नाही म्हणणारे म्हणतात, शेवटच्या घराची मोरी, आमचं काय जातं. ते माझे मित्र आहेत आणि त्यांनी कष्टानं पैसे मिळवलेत. पण रस्ता एका ठिकाणी तुटला की पुढे तो रस्ता राहत नाही, नुसतं रान राहतं." मग त्यानं दोन्ही हात व्यासपीठावर टेकले. "माझ्या वडिलांना एकदा अशी मदत मिळाली. चांगल्या लोकांनी केली. त्यानंतर माझे वडील सभेत कधी बोलले नाहीत. कुणी त्यांना गप्प बसा म्हटलं नव्हतं. पण बोला, असंही कुणी म्हटलं नाही. मीही नाही. मी हो म्हणणार आहे. आणि उद्या या सभागृहात कुणी मदत घेणाऱ्या देशांना म्हणालं, की तुमची मोरी आम्ही घातली, आता गप्प राहा, तर मी तेव्हाही बोलेन. एवढंच."

तो खाली उतरला. टाळ्या नाहीत, काही नाही. पुढच्या वक्त्यानं आपलं लांबलचक भाषण सुरू केलं. इन्केरीबाई डोळे पुसत होत्या. पेन्टी उठला, टोपी घातली. दारात थांबून म्हणाला, "भाषण माझ्या बापावर होतं का?"

"तुझ्या बापानं चांगलंच केलं होतं रे," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला आणि गेला.

मतदान झालं. दोन तृतीयांश मतं मिळाली, थोडी जास्तच मिळाली. आइमोच्या नावापुढे हो लागलं. त्याच्या मतावाचून काही अडलं नसतं, हे पेन्टीनं दुसऱ्या दिवशी दुकानात तीनदा बोलून दाखवलं. आमच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायची पद्धत आहे, तोच आमचा रामराम. त्या आठवड्यात पेन्टीची गाडी आइमोच्या गाडीसमोरून गेली आणि बोट उचललं गेलं नाही. मागून बस घेऊन मीच येत होते, म्हणून सांगते.

सभा साथीमुळे उघड्यावर, पेन्टीच्याच अंगणात झाली. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. वाचनालयाची बसही त्या रस्त्यानं जाते म्हणून मला बोलावणं असतं. मोरीचा विषय आला तसा आइमो उठला, अध्यक्षाचा लाकडी हातोडा इन्केरीबाईंच्या हातात दिला आणि खडीच्या ढिगावर जाऊन बसला. आईचा विषय, आपण अध्यक्ष नको. तिथे तो एकेक खडा उचलून परत ठेवत राहिला. तेव्हा मला दिसलं की तो घाबरलाय.

पेन्टी उभा राहिला.

"पहिली गोष्ट. आइमोला मी पुन्हा मत देणार नाही. हे तोंडावर सांगतो, पाठीमागे नको."

"बरं," आइमो म्हणाला.

"दुसरी गोष्ट. मोरी रस्त्याची आहे, आइमोची नाही. तिचा हेलसिंकीशी काय संबंध? पोकलेन त्याची, नळी मंडळाची. घाला. मागचीच साठ सेंटीमीटरची नळी मागवा. फक्त ठरावात लिहा की मदत एकदाच."

मला पेन्टीचा इतका अभिमान वाटला की मी नेमकी गप्प राहिले.

"कुणाचा विरोध?" इन्केरीबाईंनी विचारलं.

 त्यांनी हातोडा उचलला.

"आहे," मागून आवाज आला.

साइमीकाकू. फळीवरून, मग आइमोच्या गाडीतून आली होती आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. अंगणात दार नव्हतं, पण फाटकाजवळची खुर्ची तिनं बरोबर शोधली होती. आता ती उभी राहिली.

"एकदाच लिहू नका. आइमोनं तिकडे सांगितलंय ते. आणि साठची नळी नको. ऐंशीची घाला."

"काकू, साठची काय वाईट? माझ्या बापानं स्वतः जाऊन आणली होती."

"तुझ्या बापानं स्वस्तातली आणली. माणूस चांगला होता, पण चिक्कू होता. वसंतातलं पाणी साठच्या नळीत मावणार नाही, हे ईलिसला त्याच दिवशी दिसलं होतं. मी म्हटलं, जा, सांग त्यांना. तर म्हणे, पैसे लोकांनी दिले, आता नळीही आपण निवडायची का?" ती खाली बसली नाही. "तो दर वसंतात खोरं घेऊन रात्रंदिवस तिचं तोंड मोकळं करत बसायचा. तो गेल्यावर मी करत होते. यंदा माझ्याच्यानं झालं नाही. तेव्हाच बोललो असतो तर तुमचे पैसे वाहून गेले नसते."

आइमो खडीवरून हळूहळू उठला. नळी लहान हे बापाला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, हे त्यालाही माहीत नव्हतं. 

पेन्टीनं टोपी काढली, परत घातली. "ऐंशी पुरेल?" त्यानं विचारलं.

"मीटरची घातलीत तर बरं."

"मीटरची? काकू, त्यातून काय नाव चालवायचीय?"

"पाणी तू बघितलंयस का कधी? महामार्गावर राहतोस!"

मग जे भांडण लागलं ते पाव थंड होईपर्यंत चाललं. साइमीकाकूनं खडीचा विषय काढला, बर्फाचा काढला, पेन्टीच्या लाकडाच्या गाड्यांनी पडलेल्या चाकोऱ्यांचा काढला. अठ्ठावीस वर्षांचं साठलेलं होतं. शेवटी ऐंशीची नळी ठरली आणि 'एकदाच' हा शब्द कुणी लिहिला नाही.

पुढच्या निवडणुकीत आइमो पडला. पेन्टीनं शब्द पाळला, आणि शरदात दोघं परत एका झाडाखाली बसू लागले. आता तो पुन्हा पोकलेन चालवतो. कुणाच्या दारात मोरी घालायची असली, पैसे मंडळाचे असोत की कुणाचे, तो आधी त्या घरच्या माणसाला विचारतो, नळी किती मोठी हवी. आणि उत्तर मिळेपर्यंत यंत्र सुरू करत नाही. आमच्या भागात उत्तर यायला बराच वेळ लागतो.